हीट रॅप, टर्बो इंजिनाच्या हवानळ्यांवरील

मोटारगाडीच्या टर्बो इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांवर गुंडाळायची उष्णतारोधक पट्टी. टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या वायूंवर फिरणाऱ्या टर्बाइनने चालणारा, इंजिनात हवा दाबून भरणारा कॉम्प्रेसर. ती बहुधा काचतंतूंची किंवा बेसाल्टतंतूंची विणलेली असते. चिकट पाठीची चकचकीत फॉइल टेपही याच नावाने ओळखली जाते.

ही पद्धत शर्यतीच्या गाड्यांतून आली, असे सामान्यतः मानतात. तिचे मूळ वाफेच्या नळांवरील लॅगिंगमध्ये (उष्णतारोधक आवरणात) शोधणे अधिक योग्य वाटते. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांचे टर्बोचार्जरविषयीचे एकस्व (पेटंट) १९०५ सालचे. नळांना आवरण घालणे त्याहून जुने. कोल्हापूर जिल्ह्यातील साखर कारखान्यांत असे लॅगिंग आजही दिसते.

खरा वाद कोणती नळी गुंडाळावी याचा आहे. दाबली की हवा तापते. ३५° से.ची हवा दुप्पट दाबाला नेली आणि कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर ती सुमारे १३०° से.ला बाहेर पडते. बॉनेटखालची हवा सहसा याहून थंड असते. म्हणून टर्बोपासून इंटरकूलरपर्यंतची (दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीपर्यंतची) नळी उघडी राहिली, तर वाटेत थोडी उष्णता गमावते. ती गुंडाळणे म्हणजे ती उष्णता इंटरकूलरच्या माथी मारणे होय. ही नळी एक्झॉस्टला अगदी खेटून जात असेल, तर मात्र मधे उष्णतारोधक पत्रा घालावा. इंटरकूलरनंतरच्या नळीत हवा सहसा बॉनेटखालच्या हवेहून थंड असते, तेथे रॅपला अर्थ आहे. हवा ३° से.ने तापली की तिची घनता सुमारे एक टक्क्याने घटते.

हा लाभही वेगावर अवलंबून असतो. एक लिटरचे इंजिन मिनिटाला ५००० फेरे घेत असेल आणि नळी आतून ५० मिमी. असेल, तर हवा सेकंदाला सुमारे २० मी. वेगाने जाते, मीटरभर नळीत तिला तापायला सवडच मिळत नाही. गाडी उभी राहून इंजिन मंद चालते, तेव्हा हाच वेग सेकंदाला एखाद्या मीटरवर येतो. करूळ घाटातून गगनबावड्याकडे चढताना ट्रकमागे अडकून पुन्हा जोर मागितला की पिकअप मंदावतो, त्याचे एक कारण ही साचलेली उष्णता. तेथे फरक जाणवू शकतो. रबरी नळी मुळातच उष्णतेची मंदवाहक असल्याने तिच्यावर तो ॲल्युमिनियमच्या नळीपेक्षा कमी पडतो.

फॉइल टेपचा गुण तिच्या चकाकीत असतो. तेल आणि धूळ बसली की ती उष्णतेचे प्रारण पूर्वीसारखे परतवीत नाही. ऊसतोडणीच्या हंगामात ती अधूनमधून पुसावी.

प्रस्तुत लेखकाच्या मते पैसे आधी टर्बाइन आणि एक्झॉस्टची नळी झाकण्यावर खर्चावेत, कारण उष्णतेचा उगम तेथे आहे. विणलेली पट्टी तेल शोषते, म्हणून गळती असलेल्या इंजिनावर तिने आगीचा धोका संभवतो. ती पाणीही धरून ठेवते. गगनबावडा-राधानगरी पट्ट्यातील पावसात साध्या लोखंडी एक्झॉस्टला तिच्याखाली गंज चढतो आणि पट्टी सोडल्याशिवाय तो दिसत नाही.