नोव्हेंबरची शिट्टी, मार्चची शिट्टी

अमेरिकेतला कॉलेज बास्केटबॉलचा हंगाम नोव्हेंबरात सुरू होतो आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्याच्या आसपास संपतो. नोव्हेंबरात ज्या स्पर्शाला शिट्टी वाजते, त्याच स्पर्शाला मार्चमध्ये, राष्ट्रीय स्पर्धेत, वाजत नाही, ही ओरड दरवर्षीची. प्रेक्षक पंचांच्या नजरेवर घसरतात. पण या विसंगतीचं मूळ नजरेपेक्षा नियमांच्या हिशेबात अधिक आहे.

जेम्स नेस्मिथने डिसेंबर 1891 मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड इथे लिहिलेले तेरा नियम या बाबतीत अगदी स्वच्छ होते. खांदा मारणं, धरणं, ढकलणं, पाय घालून पाडणं, फटका मारणं, काहीच चालणार नव्हतं. पहिल्यांदा केलं तर फाउल. दुसऱ्यांदा केलं तर पुढचा गोल होईपर्यंत बाहेर. एका संघाचे सलग तीन फाउल झाले की समोरच्या संघाला गोल बहाल. अंगाला अंग न लावता खेळायचा खेळ, ही मूळ कल्पना.

प्रत्यक्षात दहा जण एका छोट्या मैदानावर धावतात तेव्हा स्पर्श टळत नाही. म्हणून पंचांच्या प्रशिक्षणात ‘फायदा-तोटा’ हे तत्त्व रुजलं. अनेक दशकं नियमांचे संपादक राहिलेल्या ऑस्वाल्ड टॉवर यांच्या नावाने ते ओळखलं जातं. स्पर्श झाला एवढ्याने फाउल होत नाही, त्यामुळे प्रतिस्पर्ध्याचं नुकसान झालं तर होतो. लय, वेग, तोल आणि चपळाई यांपैकी काही बिघडलं का, हे पंचाने पाहायचं. इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘आरएसबीक्यू’ म्हणतात ते हेच. तत्त्व शहाणपणाचं आहे, पण नुकसान किती झालं हे प्रत्येकाने आपापल्या मापाने ठरवायचं असल्याने विसंगती इथेच शिरली.

दुसरा दरवाजा 1972-73 मध्ये उघडला. पुरुषांच्या सामन्यात प्रत्येक अर्धात संघाच्या पहिल्या सहा साध्या फाउलना, म्हणजे चेंडू बास्केटकडे मारताना न झालेल्या फाउलना, फ्री थ्रो (कोणी न अडवता मारायचा, एका गुणाचा थ्रो) देणं बंद झालं. सातव्यापासून ‘वन-अँड-वन’: पहिला थ्रो बास्केटमध्ये गेला तरच दुसरा मिळतो. 70 टक्के अचूक खेळाडूचा हिशेब मांडा. पहिल्या सहा फाउलना त्याला सरासरी शून्य गुण, वन-अँड-वनला 0.7 अधिक 0.49 म्हणजे 1.19 आणि सरळ दोन थ्रो मिळाले तर 1.4. सबंध सामन्यात असे बारा फाउल जवळजवळ फुकट. शिवाय प्रत्येक खेळाडूला पाच फाउलची मुभा (ती 1944-45 पासूनची, त्याआधी चार). दहा जण आलटून-पालटून खेळवणाऱ्या प्रशिक्षकाच्या हाती पन्नास फाउल असतात. पूर्ण मैदानभर दाब देणाऱ्या संघांचं गणित यावरच उभं असतं. आपल्याकडच्या फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महासंघाच्या, नियमांत दर क्वार्टरला संघाच्या पाचव्या फाउलपासून थेट दोन थ्रो मिळतात, म्हणून असा बचाव तिथे लवकर महागात पडतो. अमेरिकी महिला कॉलेज बास्केटबॉलनेही 2015-16 मध्ये अशीच क्वार्टरची पद्धत घेतली.

1980 च्या दशकात बिग ईस्ट या कॉन्फरन्सने, म्हणजे कॉलेजांच्या गटाने, दांडगाईलाच ओळख बनवलं. पुढे याच कॉन्फरन्सने खेळाडूला सहा फाउलची मुभा देऊन पाहिली. चांगले खेळाडू बाहेर जाऊ नयेत हा हेतू, पण झालं एवढंच की हाणामारीला आणखी एक फाउल मिळाला. प्रयोग गुंडाळला गेला. 1990-91 मध्ये दहाव्या फाउलपासून थेट दोन थ्रो आले खरे, पण पहिले सहा तसेच राहिले.

याचं फळ गुणफलकावर दिसलं. राष्ट्रीय स्पर्धेच्या 2000 च्या उपांत्य सामन्यात मिशिगन स्टेटने विस्कॉन्सिनला 53-41 असं हरवलं; मध्यंतराला गुण होते 19-17. 2011 च्या अंतिम सामन्यात कनेटिकटने बटलरला हरवलं तेही 53-41 नेच, आणि बटलरची नेमबाजी 18.8 टक्के. संथ खेळाचाही यात वाटा होता, सगळं खापर बचावावर फोडता येणार नाही. तरी 2012-13 मध्ये संघामागे सरासरी 67.5 गुणांवर, तीन दशकांतल्या नीचांकावर, गाडी आली तेव्हा नियम समितीला हलावंच लागलं.

2013-14 साठी चार गोष्टी आपोआप फाउल ठरवल्या गेल्या. चेंडू असलेल्या खेळाडूवर हात ठेवून तो तसाच ठेवणं, दोन्ही हात लावणं, कोपरापासूनचा हात आडवा रोवणं आणि एकापेक्षा जास्त वेळा हात लावत राहणं. फायदा-तोटा पाहायचाच नाही, म्हणजे टॉवर यांच्या तत्त्वाला इथे रजा. व्यावसायिक एनबीएने 2004-05 मध्ये हँड-चेकिंगवर, म्हणजे हात लावून अडवण्यावर, असाच बडगा उगारला होता. कॉलेजमध्ये सरासरी 71 वर गेली. पण हंगाम पुढे सरकला तशा शिट्ट्या मंदावल्या, आणि 2014-15 मध्ये आकडा पुन्हा 67.6 वर.

हे असं का होतं? एक धागा अँडरसन आणि पिअर्स यांच्या 2009 च्या अभ्यासात सापडतो. त्यांनी 2004-05 च्या हंगामातले 365 सामने तपासले. यजमान संघाचे फाउल पाहुण्यांपेक्षा पाच किंवा जास्त असतील, तर पुढचा फाउल पाहुण्यांवर लागण्याची शक्यता 69 टक्के निघाली. म्हणजे आकडे आपोआप समान होत जातात. मग मुद्दाम अंगावर जाऊन खेळणाऱ्या संघाचं काय बिघडतं? तो जास्त फाउल करतो, पण त्या प्रमाणात त्याच्यावर लागत नाहीत. प्रशिक्षकांना हे कळायला अभ्यासाची गरज नव्हती.

दुसरा धागा नोकरीचा. हे पंच राष्ट्रीय संघटनेचे, एनसीएएचे, पगारी नोकर नाहीत. ते सामन्यामागे मानधन घेतात, आणि नियमित हंगामात त्यांना सामने देतो तो कॉन्फरन्सचा पर्यवेक्षक. राष्ट्रीय समन्वयक चित्रफिती आणि सूचना पाठवतो, पण मार्चची स्पर्धा सोडली तर कोणाला उभं करायचं हे त्याच्या हातात नसतं. एकच पंच आठवड्यात वेगवेगळ्या कॉन्फरन्समध्ये शिट्टी फुंकतो आणि प्रत्येक ठिकाणची सवय निराळी.

2015-16 मध्ये हालचालीच्या स्वातंत्र्यावर पुन्हा भर दिला गेला, शॉट क्लॉक, म्हणजे चेंडू बास्केटकडे मारायला मिळणारा वेळ, 35 वरून 30 सेकंदांवर आलं आणि रिंगखालची चाप, म्हणजे जमिनीवरची अर्धवर्तुळाकार रेषा, 3 फुटांवरून 4 फुटांवर गेली. मदतीला धावून आलेला बचावपटू या चापेत उभा असेल तर त्याला चार्ज, म्हणजे धडकेबद्दल आक्रमकावर फाउल, मिळत नाही.

ब्लॉक (म्हणजे फाउल बचावपटूवर) की चार्ज, हा प्रश्न मात्र सुटता सुटेना. 2013 मध्ये ठरलं की आक्रमकाची वर जाण्याची हालचाल सुरू होण्याआधी बचावपटू जागेवर हवा. पंचांना तो क्षण पकडणं जमेना, म्हणून पुढच्याच वर्षी माप पुन्हा पाय जमीन सोडण्यापाशी आलं. 2023-24 पासून आक्रमकाने उडीसाठी पाय रोवला त्या क्षणापर्यंत बचावपटू पोचलेला हवा. आक्रमक उडी घेत असताना शेवटच्या क्षणी आडवं सरकून चार्ज घेणाऱ्यांची सोय त्याने बरीच गेली.

2025-26 पासून पुरुषांच्या सामन्यात प्रशिक्षकाला दाद मागता येते. चेंडू कोणाकडून बाहेर गेला, गोलटेंडिंग (बास्केटकडे खाली येणारा चेंडू अडवणं) झालं का, बचावपटू चापेत होता का, एवढ्याच गोष्टींवर. हात लागला तो फाउल होता की नव्हता, हा निर्णय त्या यादीत नाही.