पुरी टिकते, भाजी विटते

मे महिन्यात सकाळी सहाला डबे भरून निघालेली मंडळी एकच्या सुमाराला कुठेतरी झाडाखाली सतरंजी टाकतात. तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी, गूळपोळी सगळं ठणठणीत असतं. बटाट्याची रसभाजी उघडली, की मात्र आंबूस वास येतो.

फरक पाण्याचा आहे. एकूण पाणी किती, यापेक्षा जीवाणूंच्या हाती लागेल असं मोकळं पाणी किती, हे महत्त्वाचं. ते मोजण्याच्या पट्टीवर शुद्ध पाणी १ धरलं, तर शिजवलेला भात किंवा रसभाजी ०.९७ च्या आसपास किंवा वरच असते. ०.९१ च्या खाली बहुतेक जीवाणूंची वाढ थांबते, ०.६ च्या खाली बुरशीसुद्धा तग धरत नाही. मीठ आणि गूळ हे पाणी धरून ठेवतात. पुरी तळताना तेलात उठणारे बुडबुडे म्हणजे कणकेतून बाहेर पडणारी वाफच.

दशमीची गोष्ट जरा वेगळी. दुधात भिजवल्यामुळे ती मऊ राहते, पण दुधातही सुमारे ८७ टक्के पाणीच असतं. मऊ राहणं निराळं, टिकणं निराळं. दशमी त्याच दिवशी संपवावी.

खरी धास्ती भाताची. ‘बॅसिलस सेरियस’ या जीवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते जागे होतात आणि उलट्या घडवणारं विष तयार करतात. ते विष नंतर कितीही गरम केलं तरी जात नाही, त्यामुळे ‘तिथे चूल मांडून गरम करू’ हा बेत इथे कामाचा नाही. साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअस हा जीवाणूंच्या सोयीचा पट्टा. तापमान ३२ अंशांच्या वर असेल, तर ओलं अन्न तासाभरापेक्षा जास्त उघड्यावर ठेवू नये, असा सर्वसाधारण दंडक आहे. उन्हात लावलेल्या गाडीच्या डिकीत तर बोलायलाच नको.

पुऱ्यांचा घातही आपणच करतो, त्या गरमागरम डब्यात कोंबून. पाचेक मिनिटांनी झाकण उचलून पाहा: आतून थेंब लोंबत असतात. ते वरच्या पुरीवर पडतात आणि तळून घालवलेलं पाणी परत येतं. पुऱ्या जाळीवर पूर्ण निवू द्याव्यात, खाली कागद घालावा आणि चटणीत ओला चमचा घालू नये.

दही-काकडी न्यायचीच असेल, तर बर्फाशिवाय नको. एक किलो बर्फ वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढ्यात एक किलो पाणी शून्यावरून ८० अंशांपर्यंत तापलं असतं. त्यासाठी कोकम सरबताची प्लॅस्टिकची बाटली गोठवून न्यावी आणि पिशवीत वरच्या बाजूला ठेवावी, कारण गार हवा खाली उतरते. बाटली काठोकाठ भरू नका. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं.