ॲबी रोड स्टुडिओतील ध्वनिमुद्रिका

लंडनच्या वायव्य भागात सेंट जॉन्स वुड नावाची शांत, श्रीमंत वस्ती आहे. तिथल्या ३, ॲबी रोड या पत्त्यावरच्या स्टुडिओत १९३१ पासून जे आल्बम मुद्रित झाले, त्यांची ही नोंद. बीथोव्हनच्या पियानो सोनाटांपासून बीटल्स, पिंक फ्लॉइड आणि फेला कुटीपर्यंत फार वेगवेगळे संगीत या एका छताखाली टिपले गेले. ध्वनिमुद्रणाच्या इतिहासात या जागेला जे स्थान आहे, त्याचे कारण मात्र कलावंतांच्या यादीपलीकडचे आहे. सुरुवातीला इथे वादकांनी वाजवलेले जसेच्या तसे तबकडीवर उतरवले जाई. पस्तीस-चाळीस वर्षांतच कोणालाही एका बैठकीत वाजवता येणार नाही असे संगीत इथे तुकड्यातुकड्यांनी रचले जाऊ लागले. हा बदल कसा झाला, ते इथल्या आल्बमांमधून जवळजवळ वर्षागणिक ऐकता येते.

इमारत मुळात १८३१ सालचे नऊ शयनगृहांचे घर. ग्रामोफोन कंपनीने ते १९२९ मध्ये विकत घेतले आणि मागच्या प्रशस्त बागेत स्टुडिओ बांधला. त्यामुळे रस्त्यावरून पाहिले तर आजही साधे पांढरे घरच दिसते. ही ग्रामोफोन कंपनी आपल्याला परकी नाही. कर्ण्यासमोर बसलेल्या कुत्र्याचे चित्र असलेल्या एचएमव्हीच्या ज्या तबकड्यांवर मराठी नाट्यपदे घरोघरी पोचली, त्या याच कंपनीच्या. १९३१ मध्ये ती आणि कोलंबिया कंपनी एकत्र येऊन ईएमआय झाली, आणि त्याच वर्षी १२ नोव्हेंबरला एडवर्ड एल्गर यांनी लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राचे संचालन करून स्टुडिओचे उद्घाटन केले.

आत तीन मुख्य दालने आहेत. पहिले शंभराहून अधिक वादकांचा ताफा मावेल एवढे प्रचंड. दुसरे मध्यम, आणि त्याची नियंत्रण-खोली जिना चढून वर, त्यामुळे खाली वाजवणारा आणि वर ऐकणारा यांच्यात एक मजल्याचे अंतर. तिसरे लहान, पियानो किंवा चार-पाच जणांच्या मेळासाठी सोयीचे. कोणता आल्बम कोणत्या दालनात झाला हे माहीत असले की त्याचा नाद अधिक उलगडतो.

पहिल्या दशकात मुद्रण मेणाच्या जाड तबकडीवर होत असे. एका बाजूला जेमतेम साडेचार मिनिटे मावत, आणि एकदा सुई खाच कोरू लागली की दुरुस्तीला जागा नसे. चुकले तर सारे पहिल्यापासून वाजवायचे. १९३२ च्या जुलैमध्ये सोळा वर्षांच्या येहुदी मेनुहिन यांनी एल्गर यांचे व्हायोलिन कन्चेर्टो खुद्द एल्गर यांच्या संचालनाखाली याच रीतीने वाजवले. ते ध्वनिमुद्रण आजतागायत बाजारातून गेलेले नाही. त्याच वर्षी आर्थर श्नाबेल यांनी बीथोव्हनच्या सगळ्या ३२ सोनाटा मुद्रित करायला घेतल्या आणि १९३५ पर्यंत ते काम पूर्ण केले. सर्व सोनाटांचा हा पहिलाच संच. खर्च भागवण्यासाठी कंपनीने आधी वर्गणीदार जमवले आणि मग तबकड्या काढल्या. श्नाबेल यांना यंत्रासमोर वाजवणे जाचक वाटे. संचात चुकलेले सूर तसेच राहिले आहेत, तरीही विचाराची खोली आणि लयीचा बेडरपणा यांसाठी जाणकार अजून त्याच्याकडे परत जातात. पाब्लो कासाल्स यांनी बाखच्या चेलो सुइट्सपैकी दुसरी आणि तिसरी १९३६ मध्ये इथेच वाजवली.

याच काळात ॲलन ब्लमलाइन हा ईएमआयचा तरुण अभियंता दोन कानांनी ऐकू येतो तसा आवाज तबकडीवर कसा आणता येईल याच्या मागे लागला होता. स्टिरिओचे त्याचे पेटंट १९३१ चे आहे. १९३४ मध्ये टॉमस बीचम ॲबी रोडवर मोझार्टची ‘ज्युपिटर’ सिंफनी बसवत असताना त्याने तिचे स्टिरिओ मुद्रण करून पाहिले. कंपनीने त्यातून काही बाजारात आणले नाही. १९४२ मध्ये रडारच्या चाचणीदरम्यान विमान कोसळून ब्लमलाइन गेला. स्टिरिओ तबकड्या सर्रास विकल्या जाऊ लागल्या त्या १९५८ पासून.

युद्धानंतर चुंबकीय फीत आली आणि कापणे-जोडणे शक्य झाले. घराची शिस्त मात्र जुनीच राहिली. सकाळी १० ते १, दुपारी २.३० ते ५.३० आणि संध्याकाळी ७ ते १० असे तीन तासांचे ठराविक सत्र. ध्वनिमुद्रक कोट-टाय घालून बसत, यंत्रांची देखभाल करणारे पांढऱ्या डगल्यात असत. मायक्रोफोन वाद्यापासून किती अंतरावर ठेवायचा याचेही नियम होते.

बीटल्सचा पहिला आल्बम ‘प्लीज प्लीज मी’ याच शिस्तीत झाला. ११ फेब्रुवारी १९६३ रोजी दुसऱ्या दालनात त्यांनी दिवसभरात दहा गाणी मुद्रित केली. आधी निघालेल्या दोन तबकड्यांवरची चार गाणी त्यांना जोडून १४ गाण्यांचा संच पुरा झाला. जॉन लेनन यांना सर्दी झाली होती, म्हणून घशाची कसोटी पाहणारे ‘ट्विस्ट अँड शाउट’ अगदी शेवटी ठेवले. ते पहिल्या प्रयत्नातच पार पडले आणि तेच आल्बममध्ये आहे. निर्माते जॉर्ज मार्टिन यांना मंचावरचा जोश टिपायचा होता, आणि तो त्यांनी टिपला. इथपर्यंत स्टुडिओ म्हणजे उत्तम कान असलेला साक्षीदार होता.

तीन वर्षांत ही भूमिका पालटली. १९६६ च्या एप्रिलमध्ये ‘रिव्हॉल्व्हर’चे काम सुरू झाले, तेव्हा ध्वनिमुद्रकाच्या खुर्चीवर वीस वर्षांचे जेफ एमरिक होते. त्यांनी ड्रमच्या अगदी जवळ मायक्रोफोन नेले, जे नियमाबाहेर होते. ‘टुमॉरो नेव्हर नोज’साठी लेनन यांचा आवाज ऑर्गनच्या फिरत्या लेस्ली स्पीकरमधून काढला. फितींची छोटी वेटोळी करून ती इमारतीतल्या वेगवेगळ्या यंत्रांवर एकाच वेळी फिरवली. एकच ओळ पुन्हा गाऊन आवाज दुहेरी करण्याचा लेनन यांना कंटाळा होता. त्यावर केन टाउनसेंड या अभियंत्याने फितीच्या दुसऱ्या यंत्राच्या मदतीने तोच परिणाम आपोआप साधण्याची युक्ती काढली. ती पुढे जगभर पसरली.

‘रिव्हॉल्व्हर’मधले जॉर्ज हॅरिसन यांचे ‘लव्ह यू टू’ हे गाणे आपल्या दृष्टीने विशेष आहे. त्यातला तबला अनिल भागवत यांचा. लंडनमधल्या एशियन म्युझिक सर्कलमार्फत त्यांना बोलावणे गेले होते. आयना अंगडी आणि त्यांच्या पत्नी पॅट्रिशिया यांनी १९४६ मध्ये स्थापलेल्या या संस्थेने भारतीय संगीताला ब्रिटनमध्ये पाय रोवायला मोठी मदत केली. साथीदाराचे नाव आल्बमच्या वेष्टनावर छापण्याची तेव्हा पद्धत नव्हती, पण भागवत यांचे नाव छापले गेले.

पुढच्याच आल्बममध्ये, ‘सार्जंट पेपर्स लोन्ली हार्ट्स क्लब बँड’मध्ये, हॅरिसन आणखी पुढे गेले. १५ मार्च १९६७ रोजी दुसऱ्या दालनात सतरंज्या अंथरून, उदबत्त्या लावून दिलरुबा, तबला आणि तंबोऱ्यासह ‘विदिन यू विदाउट यू’ मुद्रित झाले. सुरावट खमाज थाटाच्या जवळची, आणि मधल्या वाद्यभागात दहा मात्रांचे आवर्तन. ३ एप्रिलला आठ व्हायोलिने आणि तीन चेलो त्यावर चढवले गेले. दिलरुब्यातली मींड पाश्चात्त्य वादकांना स्वरलिपीवरून वाजवता यावी म्हणून जॉर्ज मार्टिन यांनी जी मेहनत घेतली, ती या आल्बममधली सर्वांत कमी चर्चिली गेलेली कामगिरी आहे. कागदावर सुटे सूर लिहिता येतात, त्यांच्यामधली वाट लिहिता येत नाही. तरीही व्हायोलिने दिलरुब्याच्या मागोमाग घसरत जातात आणि कुठेही उपरी वाटत नाहीत.

‘सार्जंट पेपर्स’ चार ट्रॅकच्या, म्हणजे आवाजाचे चारच स्वतंत्र पट्टे मावणाऱ्या, फितीवर झाला हे आज खरे वाटत नाही. चार ट्रॅक भरले की त्यांचे मिश्रण दुसऱ्या फितीच्या एखाद-दोन ट्रॅकवर उतरवायचे आणि उरलेल्यांवर पुढची वाद्ये घ्यायची, असे थर चढत गेले. ‘अ डे इन द लाइफ’साठी १० फेब्रुवारी १९६७ रोजी पहिल्या दालनात ४० वादक बोलावले. चोवीस बारच्या (पाश्चात्त्य तालातल्या आवर्तनांच्या) अवकाशात आपल्या वाद्यातल्या सर्वांत खालच्या सुरापासून सर्वांत वरच्या सुरापर्यंत ज्याने त्याने आपल्या गतीने चढायचे, एवढीच सूचना. या ताफ्यासाठी फितीवर जागा उरली नव्हती, म्हणून टाउनसेंड यांनी चार ट्रॅकची दोन यंत्रे एकमेकांशी जुळवून चालवली.

त्याच वसंत ऋतूत शेजारच्या तिसऱ्या दालनात पिंक फ्लॉइड आपला पहिला आल्बम ‘द पायपर ॲट द गेट्स ऑफ डॉन’ मुद्रित करत होते. निर्माते नॉर्मन स्मिथ होते, ज्यांनी बीटल्सची सुरुवातीची सगळी ध्वनिमुद्रणे केली होती. २१ मार्चला फ्लॉइडची मंडळी बीटल्सचे काम पाहायला त्यांच्या दालनात गेली. त्यानंतर काही आठवड्यांनी द झोम्बीज हा बँड ‘ओडेसी अँड ओरॅकल’ या आल्बमसाठी आला आणि लेनन यांनी मागे ठेवलेला मेलोट्रॉन, म्हणजे पट्टी दाबली की फितीवर मुद्रित केलेला सूर वाजवणारे वाद्य, त्यांना आयता मिळाला. तीच यंत्रे आणि तेच हात आलटून पालटून या तिन्ही आल्बमांना लागल्यामुळे १९६७ च्या त्या काही महिन्यांत संगीताची एक बोलीच इथे तयार झाली.

याच धाग्याचे एक टोक मुंबईत आहे. जानेवारी १९६८ मध्ये हॅरिसन यांनी फोर्ट भागातल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत भारतीय वादकांना घेऊन ‘वंडरवॉल म्युझिक’चा मोठा भाग मुद्रित केला. शिवकुमार शर्मा, आशिष खाँ आणि महापुरुष मिश्र त्यात होते. ‘द इनर लाइट’ची वाद्यसंगतही तिथेच झाली. गायन मागाहून ॲबी रोडला घेतले गेले. या मुद्रणासाठी भास्कर मेनन यांनी स्टिरिओ यंत्र कलकत्त्याहून रेल्वेने आणवले, असे हॅरिसन सांगत. मेनन तेव्हा ग्रामोफोन कंपनीच्या भारतातील कारभाराचे प्रमुख होते. त्यांचे नाव पुढे पुन्हा येते.

बीटल्सनी १९६९ च्या उन्हाळ्यात ‘ॲबी रोड’ हा शेवटचा आल्बम मुद्रित केला, तोवर आठ ट्रॅकची फीत आणि ट्रान्झिस्टरवर चालणारे नवे मिक्सिंग डेस्क आले होते. जुन्या डेस्कच्या तुलनेत याचा नाद मऊ, गोलसर आहे. मूग सिंथेसायझरही बीटल्सच्या संगीतात या आल्बममध्ये प्रथमच ठळकपणे वाजला. ८ ऑगस्टला इयन मॅकमिलन यांनी रस्त्याच्या मधोमध शिडी ठेवून, पोलिसाने वाहने थांबवलेली असताना, झेब्रा क्रॉसिंग ओलांडणाऱ्या चौघांची सहा छायाचित्रे काढली. त्यातले पाचवे निवडले गेले. आल्बमला रस्त्याचेच नाव दिले होते. तोवर अधिकृतपणे ‘ईएमआय स्टुडिओज’ असलेल्या वास्तूलाही पुढे कंपनीने तेच नाव दिले.

पिंक फ्लॉइडचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ १९७२-७३ मध्ये सोळा ट्रॅकवर झाला. ध्वनिमुद्रक ॲलन पार्सन्स. ‘मनी’च्या आरंभी गल्ल्याचा आणि नाण्यांचा जो खणखणाट आहे, त्यासाठी फितीचे सात तुकडे पट्टीने मोजून, जोडून त्यांचे वेटोळे केले होते, कारण गाणे सात मात्रांच्या आवर्तनात आहे. फ्लॉइडचे रॉजर वॉटर्स यांनी कार्डांवर प्रश्न लिहून इमारतीत भेटेल त्याला ते विचारले. उत्तरे आल्बममध्ये वापरली गेली, आणि शेवटी ऐकू येणारा आवाज दारावरचे रखवालदार जेरी ओड्रिस्कॉल यांचा आहे. ‘द ग्रेट गिग इन द स्काय’मधला शब्दांवाचूनचा आलाप क्लेअर टोरी यांनी एका रविवारी येऊन गायला. मोबदला ३० पौंड. पुढे त्यांना न्यायालयात जावे लागले, आणि २००५ मध्ये तडजोड होऊन सहरचनाकार म्हणून त्यांचे नाव लागले. ते आधीच लागायला हवे होते, कारण त्या आलापाशिवाय तिथे काही स्वरांची मालिका तेवढी उरते.

अमेरिकेत फ्लॉइडच्या आधीच्या आल्बमांना माफक यश मिळाले होते. या वेळी तिथल्या कॅपिटल कंपनीचे प्रमुख होते भास्कर मेनन. त्यांनी प्रचाराचा धडाका लावला, आणि एप्रिल १९७३ मध्ये आल्बम ‘बिलबोर्ड’ या अमेरिकी संगीत-साप्ताहिकाच्या खपाच्या यादीत पहिला आला. १९८८ पर्यंत तो त्या यादीत ७४१ आठवडे होता. पुढचा ‘विश यू वेअर हिअर’ही इथलाच. ५ जून १९७५ रोजी त्याचे काम चालू असताना संघाचे जुने सहकारी सिड बॅरेट अचानक येऊन उभे राहिले. मुंडण केलेल्या, भुवया काढलेल्या त्या माणसाला सुरुवातीला कोणी ओळखले नाही. त्या वेळी चालू असलेले गाणे त्यांच्यावरच लिहिलेले होते.

लेगॉसच्या फेला कुटी यांनीही १९७१ मध्ये ‘लंडन सीन’ इथे केला. दाट तालवाद्ये आणि भरघोस पितळी सुषिरवाद्ये या जुन्या दालनांत किती मोकळी वाजतात, हे ऐकायला तो आल्बम उत्तम.

सत्तरीच्या दशकाअखेर पहिले दालन रिकामे पडू लागले. चित्रपटसंगीताने ते वाचवले. जॉन विल्यम्स यांचे ‘रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क’ १९८१ मध्ये आणि ‘रिटर्न ऑफ द जेडाय’ १९८३ मध्ये इथे झाले, आणि तेव्हापासून मोठ्या वाद्यवृंदांची ये-जा थांबलेली नाही. २०१० मध्ये इमारतीला आणि नंतर झेब्रा क्रॉसिंगलाही संरक्षित वारशाचा दर्जा मिळाला. २०१२ मध्ये मालकी युनिव्हर्सल या संगीत कंपनीकडे गेली.

जुन्या शिस्तीचा एक लाभ उशिरा हाती आला. मिश्रण उतरवून झाल्यावरही मूळ चार ट्रॅकच्या फिती इथे जपून ठेवल्या गेल्या होत्या. म्हणून २०१७ मध्ये जॉर्ज मार्टिन यांचे चिरंजीव जाइल्स यांना ‘सार्जंट पेपर्स’चे नवे स्टिरिओ मिश्रण थेट पहिल्या पिढीच्या फितींवरून करता आले. एकावर एक चढलेल्या थरांत दबलेले ड्रम आणि बेस त्यात मोकळे झाले आहेत.