अपस्माराच्या औषधांचे यकृत व स्वादुपिंडावरील दुर्मीळ दुष्परिणाम

अपस्मारावरील, म्हणजे फिट आटोक्यात ठेवणारी औषधे बहुतेक रुग्णांना वर्षानुवर्षे मानवतात. क्वचित मात्र ती यकृताला किंवा स्वादुपिंडाला जीवघेणी इजा करतात. यात सर्वाधिक अभ्यास झाला आहे तो व्हॅल्प्रोएटचा.

व्हॅल्प्रोएट हे मेदाम्ल (फॅटी ॲसिड) आहे. यकृतपेशींतील मायटोकॉन्ड्रियामध्ये, म्हणजे ऊर्जा तयार करणाऱ्या भागांमध्ये, इतर मेदाम्लांच्या ज्वलनात ते अडथळा आणते, मेदाम्ले तिथवर नेणाऱ्या कार्निटिनचा साठा घटवते आणि पेशींत मेदाचे सूक्ष्म थेंब साचू लागतात. मायटोकॉन्ड्रियाच्या कामाला आवश्यक अशा पीओएलजी (POLG) जनुकात दोष असलेल्यांना धोका सर्वांत मोठा. हा दोष माहीत असल्यास हे औषध वर्ज्य असते. १९७८ ते १९८४ या काळातील अमेरिकी पाहणीत, दोन वर्षांखालील आणि अपस्माराची एकाहून अधिक औषधे घेणाऱ्या बालकांत यकृत निकामी होऊन मृत्यूचे प्रमाण सुमारे ५०० मध्ये १ आढळले. केवळ व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या सर्व वयांच्या रुग्णांत ते सुमारे ३७,००० मध्ये १ होते.

ही इजा बहुधा पहिल्या सहा महिन्यांत होते. रक्ततपासणीत यकृताची एन्झाइमे (विकरे) थोडी वाढलेली दिसणे नेहमीचे असते आणि मात्रा कमी केल्यावर ती अनेकदा उतरतात. उलट गंभीर आजार तपासणीत दिसण्याआधीच सुरू झालेला असू शकतो. त्यामुळे अहवालाइतकेच लक्ष रुग्णाकडे हवे: सुस्ती, अन्नावरची वासना उडणे, उलट्या, चेहऱ्यावर सूज, कावीळ. आटोक्यातल्या फिट पुन्हा वाढणे हे सर्वांत फसवे लक्षण, कारण त्यावर औषधाची मात्रा वाढवण्याकडे कल होतो. एन्झाइमे ठीक असतानाही रक्तातील अमोनिया वाढून गुंगी येऊ शकते. गंभीर इजेत औषध थांबवून शिरेतून कार्निटिन देतात.

स्वादुपिंडदाह मात्र उपचाराच्या कोणत्याही टप्प्यावर, अनेक वर्षांनंतरही उद्भवतो. पोटाच्या वरच्या भागात, पाठीकडे सरकणारी तीव्र वेदना आणि उलट्या होतात. लायपेज व अमायलेज या स्वादुपिंडाच्या एन्झाइमांच्या रक्तचाचण्यांनी निदानाला आधार मिळतो. निदान पक्के झाल्यास व्हॅल्प्रोएट बंद करतात, सहसा पुन्हा देत नाहीत. रुग्णाने ते स्वतःहून एकाएकी सोडणे घातक, कारण फिट न थांबता लागोपाठ येऊ शकतात. म्हणून वरील लक्षणे दिसल्यास औषध स्वतः न सोडता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.

फेनिटॉइन, कार्बामाझेपिन व फिनोबार्बिटल यांची यकृतइजा अनेकदा ॲलर्जीच्या स्वरूपाची असते: सुरुवातीच्या काही आठवड्यांत ताप, अंगावर पुरळ, लसिकाग्रंथींना (मान, काख येथील गाठींना) सूज. यांपैकी एकाने असे झाल्यास उरलेली दोन्हीही टाळतात. १९९३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या फेल्बामेटचा वापर यकृत निकामी होणे व अस्थिमज्जेची गंभीर हानी यांमुळे पुढच्याच वर्षी मर्यादित झाला. यकृत दुबळे असेल तर प्रामुख्याने मूत्रपिंडांवाटे बाहेर पडणाऱ्या लेव्हेटिरासिटामसारख्या औषधाचा विचार होतो.