दुकान गेलं, भटारखाना उरला

घरपोच जेवणाचा विषय निघाला की मुंबईच्या डबेवाल्यांचं नाव हमखास निघतं. पण १८९० पासून चालत आलेल्या त्या व्यवस्थेत घर ठरलेलं, कचेरी ठरलेली, पैसे महिन्याला. ॲपच्या धंद्यात कोण काय मागवेल हे अर्धा तास आधीही कळत नाही. त्याची नाळ डब्याशी जोडण्यापेक्षा पुण्यातल्या एका रोलच्या दुकानाशी जोडलेली बरी.

कोलकात्यासारखा रोल पुण्यात मिळेना, म्हणून जयदीप बर्मन आणि कल्लोल बॅनर्जी यांनी २००४ साली ‘फासोस’ काढलं. पुढे भांडवल आलं, शाखा वाढल्या आणि जमाखर्चात एक गोष्ट टोचू लागली. मोक्याच्या गाळ्याचं भाडं भरायचं, आणि गिऱ्हाईक बहुतांशी घरूनच मागवणार. २०१५-१६च्या सुमाराला दर्शनी दुकानं मिटवून कंपनी आतल्या गल्लीतल्या भटारखान्यांवर आली.

याच काळात बाहेरची बाजूही बदलत होती. पूर्वी पार्सल पोचवायला हॉटेलचाच पोऱ्या असे, तोही दोन-तीन किलोमीटरच्या आत. ऑगस्ट २०१४ मध्ये बंगळुरूच्या कोरमंगला भागात स्विगीने स्वतःचे रायडर उतरवले. २००८ पासून हॉटेलांची मेन्यूकार्डं दाखवणारं झोमॅटो २०१५ मध्ये पोचवण्याच्या धंद्यात आलं.

रोलचा तवा दुपारी चारला रिकामा असतो, पण भाडं आणि पगार चालूच. मग त्याच चुलीवर दुसरी पाटी लावली: २०१६ ची ‘बेहरूझ बिर्याणी’, सोबत राजघराण्याची दंतकथा. (दंतकथा जाहिरातीची, हंडी मात्र खरी.) २०१८ मध्ये कंपनीचं नाव ‘रेबेल फूड्स’ झालं. ॲपवर वेगवेगळी वाटणारी दोन-चार हॉटेलं पाहताना खालचा १४ आकडी अन्न परवाना क्रमांक ताडून बघा. तो सारखा निघाला, तर भटारखानाही एकच.

अशा जागेत रश्शाचा पाया आणि मसाला बेस किचनमधून, म्हणजे मध्यवर्ती स्वयंपाकघरातून, पाकीटबंद येतो. इथे फक्त तापवायचं, काट्यावर तोलायचं, भरायचं. मेन्यूत भात, रस्सा आणि रोल जास्त दिसतात, कारण तेच प्रवासात टिकतात. डोसा किंवा भजी बंद डब्यात घातली की स्वतःच्याच वाफेने दहा मिनिटांत मऊ पडतात. झाकणाला भोकं पाडली तर मऊ होत नाहीत, पण गार होतात. गरम बिर्याणीला चिकटून रायतं ठेवलं तर तेही कोमट होऊन पोचतं.

खरं दुखणं कमिशनचं. समजा बिल ३०० रुपयांचं आणि कमिशन २५ टक्के. ७५ रुपये गेले, त्यावर १८ टक्के जीएसटीचे १३.५०. नोव्हेंबर २०१७ पासून पाच टक्के जीएसटी लावणाऱ्या हॉटेलांना इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) नाही, त्यामुळे हे साडेतेरा परत मिळत नाहीत. कच्चा माल १०५, पॅकिंग १५ धरलं तर हातात राहतात ९१.५०. भाडं, गॅस, पगार आणि सवलती त्यातूनच. हॉटेलमालकांच्या राष्ट्रीय संघटनेने २०२१ मध्ये दोन्ही ॲपविरुद्ध स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली. एप्रिल २०२२ मध्ये चौकशीचा आदेश निघाला.

म्हणूनच फूड हॉलच्या रूपाने दर्शनी काउंटर परत आला, कारण तिथे ॲपचं कमिशन नाही. मॉलच्या जुन्या फूड कोर्टात प्रत्येक स्टॉलची चूल वेगळी, गल्ला वेगळा. रेबेलच्या ‘ईटशुअर’ फूड कोर्टात पाट्या अनेक, पण बिल एकच. अडचण येते दुपारी एक ते दोन. टोकन घेऊन उभं असलेलं गिऱ्हाईक आणि ॲपची ऑर्डर एकाच तव्यावर येतात. केओटी, म्हणजे स्वयंपाकघराला जाणारी ऑर्डरची चिठ्ठी, एकाच प्रिंटरवर निघत असेल तर रायडरचा डबा पुढे सरकतो आणि समोरचा माणूस ताटकळतो. त्यावरचा उपाय साधा आहे: काउंटरचा प्रिंटर वेगळा, तव्याची एक बाजू त्याच्यासाठी राखीव, आणि गर्दीच्या तासाभरात वेळखाऊ पदार्थ ॲपवरून तात्पुरते बंद.