नारळाचे आइस्क्रीम दोन तऱ्हांचे: मिरची घालण्याआधी कोणते ते ठरवावे

नारळाचे आइस्क्रीम असे आपण सरसकट म्हणतो, पण त्या एका नावाखाली दोन निराळे पदार्थ नांदतात. एक म्हणजे गाई-म्हशीच्या आटवलेल्या दुधात शहाळ्याची कोवळी मलई मिसळून केलेले. मुंबईत जुहूला १९८४ साली सुरू झालेल्या नॅचरल्सची तर ते ओळखच होऊन बसले आहे. दुसरे म्हणजे ओला नारळ खोवून, वाटून, पिळून काढलेल्या दुधाचे, ज्यात गाई-म्हशीच्या दुधाचा थेंबही नसतो. दोन्ही पांढरेशुभ्र असतात, दोन्हींना नारळाचा वास येतो, त्यामुळे एकाचे प्रमाण दुसऱ्याला लावले जाते. नुसत्या गोड आइस्क्रीममध्ये ही गल्लत खपून जाते. मिरची घालायची असेल तर ती खपत नाही, कारण मिरची या दोन दुधांत अगदी वेगळी वागते.

तिखटपणा ही खरे पाहता चव नव्हे, तो दाह आहे. मिरचीतले कॅप्सेसिन तोंडातल्या ज्या ग्राहींना (संवेदना टिपणाऱ्या प्रथिनांना) चिकटते, ते मुळात सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या वरची उष्णता ओळखण्यासाठी असतात. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये हा ग्राही शोधून काढला आणि २०२१ च्या वैद्यकशास्त्राच्या नोबेल पुरस्कारात त्यांचा वाटा होता. थंडीने हा दाह दबतो. म्हणून मिरचीच्या आइस्क्रीमचा घास जिभेवर ठेवताच आधी गारवा जाणवतो, मग गोडी आणि नारळ, आणि घास विरघळून घशाखाली उतरू लागला की मागून हळूहळू तिखट चढते. हा उशिरा येणारा चटका हीच या पदार्थाची खरी मजा आहे, आणि तो किती वेळ टिकेल हे दूध ठरवते.

गाई-म्हशीच्या दुधात केसीन नावाचे प्रथिन असते. ते कॅप्सेसिनला धरून जिभेवरून ओढून नेते. ठसका लागल्यावर पाण्यापेक्षा दुधाने लवकर बरे वाटते ते त्यामुळेच. म्हणजे दुधाच्या आइस्क्रीममध्ये प्रत्येक घासाबरोबर तिखटावरचा उतारा आपोआप पोटात जातो. नारळाच्या दुधात केसीन नसते. यावर कोणी म्हणेल की मालवणी कालवणात नारळाचा रस घातला की तिखट कमी लागते, त्याचे काय? ते कमी लागते हे खरेच आहे, पण त्याचे कारण तिखट रसात पातळ होते, रसातली गोडी त्याला झाकते आणि कॅप्सेसिन स्निग्धांशात विरघळून काही अंशी तिथेच अडकते. जिभेला आधीच चिकटलेले तिखट सोडवणे मात्र केसीनइतके त्याला जमत नाही. माझ्या अनुभवात एकाच मापाच्या मिरचीचा चटका नारळाच्या दुधात बराच जास्त वेळ रेंगाळतो, आणि म्हणूनच तिखट आइस्क्रीमसाठी मी नेहमी नारळाचे दूधच निवडते.

त्याची कृती अशी. दोन मध्यम नारळांची खोवणी दीड वाटी कोमट पाण्याबरोबर वाटून मलमलीच्या कापडातून घट्ट पिळावी. साधारण दोन वाट्या जाड दूध निघते; सोलकढीसारखे दुसरे पातळ दूध यात मिसळू नये, कारण जास्तीच्या पाण्याचे पुढे बर्फाचे कण होतात. अर्धी वाटी साखर, चिमूटभर मीठ आणि थोड्या गार नारळाच्या दुधात कालवलेला एक चमचा कॉर्नफ्लोअर घालून मंद आचेवर सतत ढवळावे. कडेला वाफ दिसू लागली आणि मिश्रण पळीच्या पाठीवर थर धरू लागले की गॅस बंद करावा. उकळी फुटू दिली तर रस फुटतो, वर तुपकट थेंब तरंगतात आणि आइस्क्रीम रवाळ होते.

मिरची याच गरम दुधात मुरवावी, कारण कॅप्सेसिन पाण्यात जवळपास विरघळत नाही, स्निग्धांशात विरघळते. रंगासाठी दोन ब्याडगी आणि जाळासाठी एक लवंगी पुरे. जास्तीत जास्त तिखट बियांत नसून बिया ज्याला लगडलेल्या असतात त्या आतल्या फिकट शिरेत असते; तेव्हा सौम्य हवे असेल तर ती शीर काढून टाकावी. वीस मिनिटांनी गाळून चव घ्यावी. या वेळी मिश्रण जरा जास्तच गोड लागायला हवे, कारण गोठल्यावर गोडी कमी जाणवते. मग पूर्ण गार करून फ्रीजरमध्ये ठेवावे आणि दर तासाला एकदा असे तीन-चार वेळा घुसळावे.

दुधाच्या प्रकारात मिरची सायीत मुरवावी, साधारण दीडपट घ्यावी, आणि शहाळ्याची मलई मिश्रण गार झाल्यावरच घालावी, कारण शिजवली की तिचा ताजा वास जातो. शहाळ्याचे पाणी मात्र घालण्याचा मोह टाळावा.

दोहोंची घट्टीही सारखी नसते. खोबरेल तेल थंडीत बाटलीत गोठते ते आपण दर डिसेंबरात पाहतो. ते सुमारे २४ अंशांखाली घट्ट होते. नारळाच्या दुधातला स्निग्धांशही तोच, म्हणून हे आइस्क्रीम फ्रीजरमधून काढल्यावर दगडासारखे लागते. वाढण्याआधी दहा मिनिटे ते बाहेर ठेवावे; दुधाच्या आइस्क्रीमला त्याच्या निम्मा वेळ पुरतो.

विकत घेताना वेष्टनही वाचावे. आपल्याकडच्या नियमांनुसार आइस्क्रीम म्हणवून घ्यायला दुधाचा स्निग्धांश लागतो. वनस्पतीजन्य स्निग्धांश वापरला की त्याला फ्रोझन डेझर्ट म्हणावे लागते. घरी नारळ खोवण्याऐवजी तयार भुकटी वापरणार असाल तर तिचे घटकही पाहावेत. नारळाच्या दुधाच्या अनेक भुकट्यांमध्ये सोडियम केसिनेट घातलेले असते. ते दुधातलेच प्रथिन असल्यामुळे दूध वर्ज्य असलेल्या पाहुण्याला असे आइस्क्रीम चालणार नाही.