यज्ञासाठी निघालेले गोडसे भटजी आणि १८५८ चं ग्वाल्हेर

दर वर्षी जूनच्या १७-१८ तारखेला ग्वाल्हेरात फुलबागेजवळ राणी लक्ष्मीबाईंच्या समाधीपाशी बलिदान मेळा भरतो. लष्कर भागातली मराठी घरं तिथे जातात, फुलं वाहतात, पोवाडे ऐकतात. त्या दिवसांत मुलं हमखास विचारतात, की राणीला प्रत्यक्ष पाहिलेल्या कुणी मराठीत काही लिहून ठेवलंय का? ठेवलंय. लिहिणारा ना सरदार होता ना कारकून. पेणजवळच्या वरसई गावचा तो एक भिक्षुक होता, विष्णुभट गोडसे. पुस्तकाचं नाव ‘माझा प्रवास’. त्यांची वाट मुळात ग्वाल्हेरकडेच निघाली होती, म्हणून हे टिपण.

घरावर कर्ज होतं, विष्णुभट तिशीतले होते. अशात बातमी आली, की ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला सर्वतोमुख यज्ञ करणार आहेत आणि दक्षिणा मोठी आहे. बायजाबाई म्हणजे दौलतराव शिंद्यांच्या पत्नी, कागलच्या घाटग्यांची लेक. दौलतराव १८२७ साली वारले, त्यानंतर काही वर्षं त्यांनी राज्य चालवलं, १८३३ साली दत्तक जनकोजीरावांच्या पक्षानं त्यांना बाहेर काढलं. काशीत ज्ञानवापीच्या विहिरीभोवतीचा खांबांचा मंडप १८२८ साली त्यांनीच बांधला. कोकणातल्या वैदिक ब्राह्मणाला उत्तरेत असा दाता दुसरा कुठे मिळणार? पेशवाई जाऊन चाळीस वर्षं होत आली होती. पुण्याची दक्षिणा आटली, तसा भिक्षुकांचा ओढा शिंदे, होळकर, गायकवाड यांच्या गादीकडे वळला होता. विष्णुभट काकांना घेऊन निघाले ते याच हिशेबानं.

१८५७ साली महूच्या आसपास शिपायांशी गाठ पडली. काडतुसांचं प्रकरण आणि इंग्रज आपला धर्म बुडवणार ही भीती शिपायांच्याच तोंडून त्यांच्या कानावर आली. पुढे गडबड होणार, हेही कळलं. तरी दोघे पुढेच गेले. रिकाम्या हातानं घरी परतणं त्यांना अधिक जड वाटलं असणार, असं मला हे वाचताना दर वेळी वाटतं.

विष्णुभटांच्या नशिबी यज्ञमंडप नव्हता, झाशीचा वेढा होता. १८५८ च्या चैत्रात किल्ल्यात हळदीकुंकू झालं आणि त्याच दिवसांत इंग्रज सेनापती ह्यू रोजचं सैन्य शहराच्या अंगावर येत होतं. मार्चच्या अखेरीस तोफा सुरू झाल्या, ३ एप्रिलला शहर पडलं. त्यानंतर जे झालं त्याला गोडसे ‘बिजन’ म्हणतात. त्या शब्दाला दुसरा शब्द लावावासा वाटत नाही. पुरुष दिसेल तिथे मारला जात होता, घरं लुटली जात होती, आणि हे दोघे जीव मुठीत धरून लपून बसले होते. मिळालेली दक्षिणा गेली. झाशी दरबारचा पोथ्यांचा संग्रह उद्ध्वस्त झाला, आणि त्याचं दुःख त्यांनी माणसांच्या मरणाइतक्याच कळवळ्यानं लिहिलं आहे. वेदाध्ययनावर जगणाऱ्या माणसाची ती जखम आहे.

नंतर काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी त्यांना राणी भेटल्या. अंगावर पठाणी वेष, धुळीनं माखलेल्या, तहानलेल्या. विष्णुभट पाणी काढायला पुढे झाले, तर त्यांनी थांबवलं. विद्वान ब्राह्मणानं आपल्यासाठी पाणी ओढावं हे त्यांना नको होतं. मातीच्या मडक्यानं स्वतः पाणी काढलं आणि ओंजळीनं प्यायल्या. आपल्याला अर्ध्या शेर तांदळापलीकडे काय हवं होतं, विधवेनं हे सगळं करायची गरज नव्हती, धर्माचा अभिमान धरला म्हणून यात पडले, अशा अर्थाचं त्या बोलल्या. हरत आलेल्या लढाईच्या मधोमध विहिरीच्या काठावर शिवाशिव आणि मानपान दोन्ही जागच्या जागी आहेत. असा प्रसंग इंग्रजी लष्करी खलित्यांत कुठून येणार?

आता ग्वाल्हेर. काल्पी पडल्यावर नानासाहेबांचे पुतणे रावसाहेब पेशवे, तात्या टोपे आणि राणी इकडे वळले. १ जूनला मोरारजवळ बहादूरपूरला ग्वाल्हेरचे महाराज जयाजीराव शिंदे स्वतः आडवे आले, पण त्यांचं सैन्यच पेशव्यांना जाऊन मिळालं. जयाजीराव धोलपूरमार्गे आग्र्याला गेले. दिवाण दिनकरराव राजवाडे यांनी त्यांना पहिल्यापासून इंग्रजांच्या बाजूला धरून ठेवलं होतं. फुलबागेत रावसाहेबांचा दरबार भरला, ब्राह्मणभोजनाच्या पंगतींवर पंगती उठल्या असं सांगतात. पेशवाई परत आल्याची ती खूण होती, आणि त्यात मोलाचे दिवस गेले. १६ जूनला मोरार पडलं, १७ ला कोटा की सराय इथे राणींना वीरमरण आलं (पुण्यतिथी आपण १८ ला पाळतो), २० ला किल्ला गेला. तो शिंद्यांना परत मिळाला १८८६ साली, झाशीच्या बदल्यात.

इथल्या मराठी घरांना ही गोष्ट सोपी नाही. दोन्ही बाजूंना आपलीच माणसं होती. ज्यांचे पूर्वज शिंदेशाहीच्या चाकरीत होते, तीच घरं आज समाधीला फुलं वाहतात. यात काही खोटं आहे असं मला वाटत नाही. त्या वेळी चाकरीतल्या माणसांचीही अशीच ओढाताण झाली असणार.

समाधीपासून थोड्याच अंतरावर गंगादासजींची बडी शाळा, म्हणजे साधूंचा मठ, आहे. जखमी राणींना महंत गंगादासांकडे आणलं, अंत्यसंस्कार तिथेच झाले आणि देह इंग्रजांच्या हाती जाऊ नये म्हणून ७४५ साधू लढून मेले, असं शाळेची परंपरा सांगते. त्यांची शस्त्रं तिथे जपून ठेवलेली आहेत. तेही धर्माचेच लोक, पण वैरागी आखाड्याचे. त्यांना शस्त्र परकं नव्हतं. विष्णुभटांच्या हाती संध्येची पळी-पंचपात्री, आणि दाता हरला की त्यांचा आसराच गेला.

घरी निघताना त्यांनी गंगेची कावड खांद्यावर घेतली. वाटेत लुबाडणूक झाली, हाल झाले, पण कावड टाकली नाही. वरसईला पोचल्यावर त्या पाण्यानं आईवडिलांना स्नान घातलं. कर्ज फेडायला गेलेल्या मुलाची सगळी मिळकत ती.

पुढे चिंतामण विनायक वैद्य यांच्या आग्रहावरून १८८३ च्या सुमारास त्यांनी हे सगळं लिहून काढलं. वैद्य त्यांचे यजमान, आणि पुढे ग्वाल्हेर संस्थानचे सरन्यायाधीश झाले. बंडाबद्दल असं काही छापणं तेव्हा धोक्याचं होतं. ‘माझा प्रवास’ बाहेर आलं १९०७ साली, तेही वैद्यांचा हात फिरून. विष्णुभट तोवर गेले होते. त्यांचे मूळ शब्द दत्तो वामन पोतदारांनी भारत इतिहास संशोधक मंडळातल्या हस्तलिखितावरून १९६६ साली छापले. मुलांच्या हाती द्यायचं तर ते पोतदारांचं द्यावं. भाषा जुनी आहे, वाक्यं लांब आहेत, पण विहिरीवरचा तो प्रसंग मोठ्यानं वाचून दाखवला की मुलं गप्प होऊन ऐकतात.